आभासी प्रसूतिगृहातील सांघिक सराव: वैद्यकीय व नर्सिंग महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी मार्गदर्शिका

आभासी वास्तवाचे हेडसेट विकत घेणे आता महाविद्यालयांच्या आवाक्यात आले आहे आणि अनेक ठिकाणच्या स्किल्स लॅबच्या कपाटात ते येऊनही पडले आहेत. मात्र चार विद्यार्थ्यांनी एकाच वेळी हेडसेट चढवले म्हणजे ते एकमेकांबरोबर शिकू लागतात, हा समज पहिल्याच सत्रात गळून पडतो. चौघांपैकी एक हुशार विद्यार्थी सगळी सूत्रे हाती घेतो, दुसरा कंट्रोलरची बटणे शोधत राहतो आणि उरलेले दोघे आभासी खोलीच्या कोपऱ्यात प्रेक्षकासारखे उभे राहतात. सहकार्य हवे असेल तर ते प्रसंगाच्या रचनेतच घालावे लागते. ते कसे घालावे, हे पुढे एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. उदाहरण आहे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे, ज्याला लेबर रूममध्ये सगळे पीपीएच म्हणतात.

प्रसंगाची निवड

पहिली कसोटी अशी की निवडलेला प्रसंग एकट्या माणसाला निभावता येऊ नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा हात बसवण्यासाठी आभासी सराव उपयोगी पडतो, हे येल विद्यापीठातील २००२ सालच्या प्रयोगाने दाखवून दिले आहे. १६ रेसिडेंट डॉक्टरांच्या त्या प्रयोगात, आधी आभासी सराव केलेल्यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचा टप्पा २९ टक्के लवकर पूर्ण केला आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. परंतु ते एका माणसाचे, एका हाताचे कौशल्य होते. त्यासाठी चार जणांना एका आभासी खोलीत आणण्याचे कारण नाही. एकेकाने स्वतंत्र सराव केलेला बरा.

पीपीएचची गोष्ट वेगळी आहे. गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि सलाइन ही उपाययोजना लेबर रूममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात रक्त मोजण्यासाठी खुणा असलेली पिशवी वापरून हेच माहितीतले उपाय एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू केले गेले. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे ५१ टक्के होते, ते ९३ टक्क्यांवर गेले; तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. इतकी कामे एकाच वेळी करायची तर हातही अनेक लागतात आणि कोणाचा हात कोणत्या कामात आहे, हे सर्वांना ठाऊक असावे लागते. सांघिक सरावासाठी याहून योग्य विषय शोधूनही सापडणार नाही.

हृदयक्रिया बंद पडणे, बेशुद्धावस्थेत आलेला अपघातग्रस्त, शस्त्रक्रियेदरम्यान भुलीची गुंतागुंत हेही विषय घेता येतील. मात्र एका सत्रात एकच प्रसंग ठेवावा.

माहितीची वाटणी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांमध्ये ‘जिगसॉ’ नावाची पद्धत वापरून पाहिली होती. तिच्यात धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे दिला जाई, त्यामुळे पूर्ण धडा समजण्यासाठी प्रत्येकाला इतरांचे ऐकावेच लागे. आभासी वास्तवाला ही पद्धत फार चांगली लागू पडते, कारण इथे प्रत्येकाला काय दिसावे आणि काय दिसू नये हे आपण खरोखर ठरवू शकतो. प्रत्यक्ष स्किल्स लॅबमध्ये मॉनिटर सर्वांनाच दिसतो. आभासी खोलीत तो एकालाच दिसेल अशी सोय करता येते.

आपल्या उदाहरणात चार भूमिका ठेवाव्यात. प्रसूती विभागाचा रेसिडेंट गर्भाशयाला मसाज करत आहे. त्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत आणि मॉनिटर त्याच्या पाठीमागे आहे. इंटर्नला फक्त मॉनिटर आणि भिंतीवरचे घड्याळ दिसते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला रक्त मोजण्याची पिशवी दिसते आणि रुग्णाचे गरोदरपणातले कार्ड तिच्या हातात आहे. भूलशास्त्राचा रेसिडेंट चौथ्या मिनिटाला खोलीत येतो. त्याला प्रकरणाची काहीच कल्पना नाही, पण रक्तपेढीतून आलेला फोन त्यानेच घेतलेला असल्यामुळे रक्त यायला ४० मिनिटे लागतील हे त्याला माहीत आहे.

आता मॉनिटरवर रक्तदाब ११०/७० आणि नाडी ११८ दाखवावी. इंटर्न सहजपणे म्हणेल, “बीपी नॉर्मल आहे सर.” मात्र कार्डावर तासाभरापूर्वीचा रक्तदाब १५०/१०० असा लिहिलेला आहे आणि तो फक्त नर्सिंगच्या विद्यार्थिनीने वाचलेला आहे. ज्या बाईचा रक्तदाब १५०/१०० होता तिच्या बाबतीत ११०/७० हा आकडा दिलासा देणारा नसून धोक्याचा असू शकतो, हे दोन्ही नोंदी एकत्र आल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. पुढच्याच मिनिटाला रेसिडेंट बहुधा गर्भाशय आकुंचन पावण्याचे दुसरे औषध मिथाइलअर्गोमेट्रिन, म्हणजे वॉर्डातले मेथर्जिन, मागतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला ते देऊ नये हे पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण रक्तदाब जास्त होता हे त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते. अशा वेळी त्या विद्यार्थिनीने “सर, मेथर्जिन नको, पेशंटचं बीपी मघाशी एकशेपन्नास-शंभर होतं” असे स्पष्ट म्हणायचे की सिरिंज भरायला घ्यायची, या एका निर्णयावर संपूर्ण सत्राचे शिक्षण उभे राहते.

आपल्या रुग्णालयांत सिस्टरने सरांना थांबवणे किंवा इंटर्नने रेसिडेंटला टोकणे सोपे नसते, आणि ते केवळ आपल्याकडेच सोपे नसते असेही नाही. १९७७ मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण दगावले, त्याच्या काही क्षण आधी फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. वरिष्ठ कॅप्टनने ती बाजूला सारली. विमानसेवेत त्यानंतर जे सांघिक प्रशिक्षण उभे राहिले, त्याच्याच धर्तीवर स्टॅनफर्डमधील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकातील संकटकालीन सांघिक सराव विकसित केला. म्हणून प्रसंग लिहिताना वरिष्ठाला टोकावेच लागेल अशी किमान एक जागा मुद्दाम ठेवावी.

दुसऱ्या फेरीत कार्ड बदलावे. उच्च रक्तदाबाऐवजी दम्याचा इतिहास घातला की याच कामाचे कार्बोप्रोस्ट हे औषध देता येत नाही आणि पहिल्या गटाकडून ऐकून आलेले उत्तर निरुपयोगी ठरते. विद्यार्थी एकमेकांना प्रश्नपत्रिका फोडून सांगतात तसे प्रसंगही सांगतात, हे गृहीत धरूनच तीन-चार कार्डे तयार ठेवावीत.

जागा, आवाज आणि यंत्रे

कागदावर दिसत नाहीत पण सत्र हमखास बिघडवतात अशा काही गोष्टी आहेत, त्यांपैकी आवाजाची अडचण सर्वांत मोठी. चारही विद्यार्थी एकाच हॉलमध्ये असतील तर प्रत्येकाला शेजाऱ्याचा आवाज दोनदा ऐकू येतो: एकदा थेट आणि क्षणभराने हेडसेटमधून. दोन मिनिटांत सगळे गोंधळतात. यावर दोनच उपाय आहेत. एक तर चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे, किंवा एकाच हॉलमध्ये ठेवून हेडसेटमधला संवाद पूर्ण बंद करावा. पहिला उपाय अधिक चांगला, कारण एका हॉलमध्ये दुसराही धोका असतो. आभासी खोलीत दोन मीटर दूर दिसणारा सहकारी प्रत्यक्षात अगदी शेजारी उभा असू शकतो आणि हात पुढे करताच कंट्रोलर त्याच्या डोक्याला लागतो. प्रत्येकाला साधारण २ मीटर × २ मीटर मोकळी जागा द्यावी, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने तिची हद्द आखावी आणि प्रत्येक दोन विद्यार्थ्यांमागे बाहेरून लक्ष ठेवणारा एक जण नेमावा.

नेटवर्कसाठी रुग्णालयाच्या सामाईक वायफायवर विसंबू नये. तिथल्या सुरक्षा व्यवस्थेमुळे अनेकदा आभासी खोलीची जोडणीच होत नाही, आणि ओपीडीच्या वेळेत वेगही मिळत नाही. सत्रासाठी ५ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर ठेवावा आणि तो प्रणालीत जोडून देण्यासाठी आयटी विभागाला आठवडाभर आधी लेखी कळवावे. सर्व हेडसेट आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावून सुरू करावेत, म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट रात्रीच उरकतात. ते राहिले तर ऐन सत्राच्या वेळी पडद्यावर टक्केवारी मोजत बसावे लागते. बाहेरच्या बॅटरीशिवाय चालणारे हेडसेट साधारण दोन-अडीच तास टिकतात, तेव्हा दुपारच्या दोन तुकड्यांमध्ये चार्जिंगसाठी अंतर ठेवावे. चार भूमिकांसाठी पाच हेडसेट असावेत.

हेडसेटचे वजन अर्धा किलोच्या आसपास असते आणि पट्टा डोक्याच्या मागच्या बाजूला बसतो. ज्या विद्यार्थिनी अंबाडा घालून थेट वॉर्डातून येतात, त्यांच्या डोक्यावर तो नीट बसत नाही, सतत खाली घसरतो आणि चित्र धूसर दिसते. केस खाली बांधून यावे ही सूचना आदल्या दिवशीच द्यावी. चष्मा असणाऱ्यांसाठी मिळणारी, चष्म्याला जागा करून देणारी जोडकडी लावून ठेवावी आणि भिंगांमधले अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांनुसार जुळवावे. नंतर होणाऱ्या डोकेदुखीच्या तक्रारी यानेच बऱ्याच कमी होतात. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही घामामुळे भिंगांवर वाफ धरते, म्हणून वातानुकूलित खोली मिळाल्यास उत्तम, नाहीतर पंखा थेट चेहऱ्याकडे वळवावा.

दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात चेहऱ्याला लागणारी गादी जंतुनाशक पुसणीने पुसावी आणि शक्यतो पुसता येणारे सिलिकॉनचे आवरण वापरावे. भिंगांना मात्र स्पिरिट लावू नये, ती कोरड्या मायक्रोफायबरच्या कापडानेच पुसावीत. हेडसेट खिडकीत उन्हात ठेवणे टाळावे, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा कायमचा जाळते.

सुरू करण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

विद्यार्थ्यांना थेट प्रसंगात ढकलू नये. आधी रिकाम्या आभासी खोलीत सिरिंज उचलणे, ती दुसऱ्याच्या हातात देणे, कार्ड उघडणे एवढेच करून घ्यावे. ही उजळणी झाली नाही, तर पुढे नेमके काय चुकले, निर्णय की बटण, हे कळत नाही आणि चर्चेत प्रत्येक चुकीचे खापर यंत्रावर फुटते.

काहींना हेडसेटमध्ये मळमळते. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, हे त्याचे कारण. चालत फिरण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट जाण्याची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये निवडावी. ज्याला त्रास होतो त्याने निःसंकोच हेडसेट काढावा आणि निरीक्षकाच्या जागी बसावे. त्यासाठी गुण कापू नयेत. फेफऱ्याचा इतिहास असणाऱ्यांना आधीच विचारून घ्यावे आणि त्यांना निरीक्षकाची भूमिका द्यावी.

याच वेळी बोलण्याचे दोन नियम पाठ करून घ्यावेत. पहिला असा की प्रत्येक सूचना नाव घेऊन द्यायची. “कुणीतरी रक्त मागवा” हे वाक्य आपल्या लेबर रूममध्ये दिवसातून अनेकदा ऐकू येते आणि त्यानंतर रक्त कोणीच मागवत नाही. दुसरा असा की ज्याला सूचना दिली त्याने ती परत म्हणून दाखवायची आणि काम झाल्यावर कळवायचे: “ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम, दहा मिनिटांत, सुरू केलं, वेळ दोन वाजून पाच मिनिटं.” आभासी अवतारांच्या चेहऱ्यावर सहसा हावभाव नसतात आणि मान डोलावली तरी ती धड दिसत नाही. नेहमी ही उणीव मानली जाते, पण या सरावात तिचा फायदाच होतो, कारण तोंडाने बोलल्याखेरीज गत्यंतर उरत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून विद्यार्थी वॉर्डात जसे बोलतात तसेच इथेही बोलू द्यावे. शुद्ध इंग्रजीचा आग्रह धरला की नर्सिंगचे विद्यार्थी गप्प होतात.

प्रसंग चालू असताना

प्रसंग १०-१२ मिनिटांचा असावा. सूत्रधार संगणकावरून रक्तदाब, नाडी आणि रक्ताचे प्रमाण हलवतो. गट गोंधळला तरी त्याने मध्येच शिकवायला सुरुवात करू नये. फार तर रक्तपेढीच्या फोनमधून किंवा रुग्णाच्या “मला चक्कर येतेय” अशा वाक्यातून इशारा द्यावा. पिशवीतील ३०० मिलीलीटरची इशाऱ्याची खूण आणि ५०० मिलीलीटरची कृतीची खूण स्पष्ट दिसेल असे चित्र निवडावे. आभासी रक्त अंदाजाने मोजायला लावले तर डोळ्यांनी रक्ताचा अंदाज बांधण्याची जी सवय मोडायची आहे तीच आपण पक्की करतो.

तुकडी १६ जणांची असेल तर चौघे आत आणि १२ जण पडद्यासमोर असतात. या बाराजणांना काम दिले नाही तर ते मोबाइल काढतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका जोडीने नाव न घेता दिलेल्या सूचना मोजाव्यात, दुसरीने परत न म्हटलेल्या सूचना टिपाव्यात, तिसरीने रक्तस्राव ओळखल्यापासून ऑक्सिटोसिन देईपर्यंतचा वेळ लिहावा, चौथीने फक्त नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे किती बोलणे ऐकले गेले आणि किती विरून गेले ते पाहावे. उरलेल्यांनी भूलतज्ज्ञ आत आल्यावर त्याला परिस्थिती, पार्श्वभूमी, निदानाचा अंदाज आणि अपेक्षित मदत या क्रमाने माहिती मिळाली का, हे तपासावे.

नंतरची चर्चा

प्रसंगाला १२ मिनिटे दिली असतील तर चर्चेला किमान २५ मिनिटे द्यावीत. वेळ कमी पडू लागला की अनेक ठिकाणी चर्चा कापून आणखी एक फेरी घेतली जाते, कारण हेडसेट घालायला विद्यार्थी उत्सुक असतात आणि पाहुण्यांना दाखवायलाही ते बरे दिसते. माझ्या मते वेळ नसेल तर फेरी कापावी. शिक्षण घडते ते हेडसेट काढून, खुर्च्या गोल मांडून, एकमेकांचे चेहरे पाहत बोलताना.

सुरुवात भावनांपासून करावी: कसे वाटले, एका वाक्यात. मग काय घडले ते क्रमाने मांडून घ्यावे. इथे निरीक्षकांच्या नोंदी उपयोगी पडतात. त्यानंतर मूळ मुद्द्याकडे यावे आणि प्रश्न विचारताना आपले निरीक्षण व आपली काळजी आधी सांगून मग समोरच्याच्या विचारांची चौकशी करावी. “तू मेथर्जिन का मागितलंस?” या प्रश्नाला विद्यार्थी बचावाचे उत्तर देतो. त्याऐवजी असे म्हणावे: “तुम्ही मेथर्जिन मागितलंत तेव्हा सिस्टर दोनदा काही बोलायला गेल्या असं मला दिसलं. आधीचं बीपी तुमच्यापर्यंत पोचलं नाही याची मला काळजी वाटली. त्या क्षणी तुमचं लक्ष कशावर होतं?” बहुतेक वेळा उत्तर येते की हात गुंतलेले होते आणि आवाज ऐकूच आला नाही. मग त्या विद्यार्थिनीला विचारावे की तिसऱ्यांदा बोलावेसे वाटले का, नसेल तर कशामुळे. तिच्या उत्तरात पद, वय, कॉलेज, ‘आपण कशाला मध्ये बोला’ असे सगळे येते, आणि रेसिडेंटने ते तिच्याच तोंडून ऐकणे हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा परिणामकारक असते.

चित्रीकरण संपूर्ण दाखवू नये. अर्ध्या मिनिटाचे दोन तुकडे पुरे. चित्रीकरणासाठी विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्यावी, ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे सांगावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, तेव्हा ही बाब केवळ सौजन्याची राहिलेली नाही. हे चित्रीकरण अंतर्गत गुणांसाठी वापरले जाणार असल्याचा नुसता संशय आला तरी पुढच्या तुकडीत कोणीही मनमोकळे बोलणार नाही.

वेळापत्रक, मर्यादा आणि पुढचा टप्पा

खरी अडचण तंत्राची नसून वेळापत्रकाची असते. एमबीबीएसचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी एकाच दुपारी मोकळे मिळवणे, हेच कित्येकदा सर्वांत कष्टाचे काम ठरते. राज्यातील बहुतेक वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असली तरी दोघांच्या परीक्षा आणि पोस्टिंग वेगळ्या असतात. शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीलाच दोन्ही प्राचार्यांच्या सहीने महिन्यातली एक दुपार राखून घ्यावी. २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमातील एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयाच्या, तासांशी ही सत्रे जोडता येतात, त्यामुळे वेगळा वेळ मागण्याची गरज कमी होते.

हातांचा जोर आभासी वास्तवात शिकवता येत नाही. कंट्रोलर थरथरतो, पण प्रतिकार करत नाही. गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून धरणे किंवा छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणे हे मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच शिकवावे, आणि शक्यतो आभासी सत्राच्या आधी.

एखाद्या कंपनीच्या आभासी खोलीवर सगळा अभ्यासक्रम बेतू नये. अल्टस्पेसव्हीआर ही सेवा मार्च २०२३ मध्ये बंद झाली आणि मोझिला हब्ज मे २०२४ अखेर. त्यांवर बांधलेल्या खोल्या त्यांच्याबरोबर गेल्या. प्रसंग, कार्डे, भूमिकांची पत्रके आणि निरीक्षकांचे तक्ते साध्या फाइलमध्ये आणि कागदावर ठेवावेत, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी सत्र चालू राहते.

सत्र आवडले का, हा अभिप्राय घ्यावा पण त्यावर समाधान मानू नये. हेडसेट सर्वांनाच आवडतो. दोन-तीन महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांचा सराव खऱ्या लेबर रूममध्ये, रिकाम्या टेबलावर आणि हेडसेटशिवाय घ्यावा आणि तेच तीन आकडे पुन्हा मोजावेत: ऑक्सिटोसिनपर्यंतचा वेळ, नाव न घेता दिलेल्या सूचना, परत न म्हटलेल्या सूचना. विद्यार्थ्यांना तारीख सांगू नये, पण इन्चार्ज सिस्टरना सकाळीच विचारावे आणि प्रसूतीचे रुग्ण जास्त असतील तर सराव पुढे ढकलावा. मावशी आणि मामांनाही त्यात घ्यावे, कारण रक्तपेढीपर्यंत धावणारे तेच असतात. अशा सरावात पीपीएचच्या ट्रेमध्ये ट्रॅनेक्झॅमिक संपलेले किंवा फ्रिजची किल्ली भलत्याकडेच असल्याचे आढळले, तर त्याची नोंद विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकात न करता त्याच दिवशी विभागप्रमुखांकडे द्यावी.